तीनशे मीटरवरचं खोटं

तात्या वहीतले आकडे मोठ्याने वाचत होते आणि दर आकड्यासरशी राघोच्या कानशिलातली शीर ठणकत होती.

"फेब्रुवारी, एक्क्याण्णव. मार्च, एकोणनव्वद. ऑक्टोबर, त्र्याण्णव. डिसेंबर, नव्वद." तात्यांनी वही मिटली आणि तिच्यावर पंजा आपटला. "शंभरापैकी. तीनशे मीटरवर. बासष्ट वर्षांचा म्हातारा, आणि बंदुकीला काय, तर पुढे नेम धरायची लोखंडी माशी आणि मागे बघायचं भोक. बास! मग चाळिशीच्या माणसाला दुर्बीण कशाला लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगा."

सभा म्हणजे अकरा माणसं, शाळेच्या बाकांवर कशीबशी मावलेली. भिवंडी तालुक्यातलं हे रायफल मंडळ तात्यांनीच काढलेलं, ते हायस्कुलात गणित शिकवत होते तेव्हा. रिटायर झाल्यावरही शाळा त्यांना रविवारी एक वर्ग उघडून देई. मंडळाच्या मालकीच्या दोन रायफली, गावाबाहेर टेकडीखालच्या बंद पडलेल्या दगडखाणीत चांदमारीची जागा आणि दर सव्वीस जानेवारीला लढली जाणारी एक पितळी ढाल. संसार एवढासा, पण रुबाब पलटणीचा. नियमांच्या वहीत पहिलाच नियम तात्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेला होता: नेम माशीवरच, दुर्बीण चालणार नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत राघोने अर्ज केला तो या पहिल्या नियमाविरुद्ध.

राघो मूळचा अंजूरचा, शेतकऱ्याच्या घरातला, पोटासाठी भिवंडीत कापडाच्या लूमवर आलेला. रेंजवर तो पहिल्यांदा आला तो खाली खड्ड्यात लक्ष्याची चौकट चढवायला-उतरवायला. तात्यांनी एकदा गंमत म्हणून त्याच्या हातात रायफल दिली आणि दहा गोळ्यांनंतर गंमत संपली. पुढे ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी अशी ओळीने तीन वर्षं ढालीवर त्याचं नाव कोरलं गेलं. त्र्याऐंशीच्या गणपतीआधी शेजारच्या लूमवरून धोटा उडाला. सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारा, टोकाला लोखंड बसवलेला तो लाकडाचा तुकडा थेट राघोच्या उजव्या डोळ्यावर बसला. मुंबईच्या सरकारी इस्पितळात दोन ऑपरेशनं झाली. डोळा राहिला, आतलं भिंग गेलं. शेठने त्याला लूमवरून उठवून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. जाड काचेतून त्याला टेकडीवरचं झाड दिसे, पण हातभर पुढची माशी म्हणजे नुसता धूर. डावा डोळा तर लहानपणापासूनच मंद. म्हणून गेली चार वर्षं तो पुन्हा खड्ड्यात होता, जिथून वर आला होता तिथेच.

"मी सांगतो समजावून," डॉक्टर श्रीनाथ उठले. डोळ्यांचे डॉक्टर, मंडळातले सगळ्यांत तरुण, आणि वादाचं मूळ त्यांच्याच घरात होतं. त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून रायफलीवर बसवायची दुर्बीण आणली होती. "तात्या, माशीवर नेम धरायचा म्हणजे डोळ्याला तीन ठिकाणी बघावं लागतं. मागचं भोक, पुढची माशी आणि लांबचा चांद, म्हणजे लक्ष्याचा काळा गोल. आपल्या डोळ्यातलं भिंग क्षणात जवळचं, क्षणात लांबचं जुळवून घेतं. राघोच्या डोळ्यात ते भिंगच नाही. दुर्बिणीत फुलीची खूण आणि चांद एकाच अंतरावर दिसतात. एकदा जुळवली की डोळ्याला पळापळ नाही. लंगड्याला काठी देतो तसं आहे हे."

"आणि तुमची काठी चांद मोठा दाखवते तसा हाताचा कंपही मोठा दाखवते, ते नाही सांगितलंत. खडक तापला की आतलं सगळं पाण्यासारखं हलतं. कुठे एक ठोका बसला की जुळणी गेली. माशी लोखंडाची आहे, डॉक्टर. आणि मला सांगा, दुर्बिणीतून लागली तर तो नेम कुणाचा? राघोचा की मस्कतच्या दुकानदाराचा?"

बाकांवर हशा पिकला. मंडळाचा सेक्रेटरी केसरीनाथ, काल्हेरच्या गोडाऊनमधला कारकून, तर डोळे पुसपुसून हसला.

हसं झालं एवढ्यावर तात्या थांबले असते तरी चाललं असतं. पण बोलायला लागले की तात्यांना ब्रेक नव्हता. "राघोचा डोळा डॉक्टरांनी कधीच बरा केलाय. बिघडलंय ते मन. धोट्याचा धसका घेतलाय त्याने. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो. भित्र्याला दुर्बीण दिली म्हणून तो नेमबाज होत नसतो."

राघो ताडकन उठला. खालचा बाक सरकून मागच्याच्या नडगीवर बसला. एका वाक्यात तात्यांची वही चुलीत घालण्याजोगी करता आली असती त्याला. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण तो तसाच उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. कारण ते एक्क्याण्णव त्याने स्वतः दिलेले होते. एकोणनव्वदही, त्र्याण्णवही.

हे कसं, ते सांगायला हवं. चांदमारीत मारणारा वर असतो आणि लक्ष्याच्या खाली, दगडी बांधाआड, खड्ड्यात एक माणूस असतो. गोळी आली की त्याने चौकट खाली ओढायची, भोक शोधायचं, त्यावर खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवायचा, चौकट वर ढकलायची आणि लांब काठीच्या टोकाची लाल चकती गोळी लागली तिथे टेकवायची. चुकली तर पांढरा बावटा दोनदा हलवायचा. वर केसरीनाथ बायनॉक्युलरमधून चकती बघून आकडा पुकारणार आणि वहीत टिपणार. भोक तर बुजलेलं. म्हणजे गोळी कुठे लागली हे जगात एकाच माणसाला ठाऊक, आणि तो खड्ड्यात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तात्यांची गोळी मधल्या दहापासून बरीच बाहेर, चारच्या रिंगणात लागली. राघोने भोक पाहिलं आणि त्याला इस्पितळातला बाक आठवला. चार महिने, दर गुरुवारी, तात्या त्याच्याबरोबर त्या बाकावर बसायचे, डबा घेऊन. सख्खा भाऊ एकदा आला होता. राघोने चकती नऊवर टेकवली. एका गोळीपुरतंच, असं तो म्हणाला मनाशी. पुढची पाचवर आली, तिसरी कागदालाच लागली नाही. अध्यक्षाने ढालीसाठी लढायचं नाही असा तात्यांचाच नियम होता, त्यामुळे या सरावाच्या आकड्यांनी कुणाच्या तोंडचा घास जात नव्हता. म्हातारा खूश होऊन घरी जातो, जाऊ दे. त्या दिवशीचे खरे पन्नास होते, वहीत एक्क्याण्णव झाले. मग महिनोन्‌महिने ते तसंच चालू राहिलं.

आणि आज तीच वही त्याच्या तोंडावर आपटली होती.

"ठरलं तर मग," तात्या म्हणत होते. "येत्या रविवारी मी दहा मारतो माशीवर. मागोमाग राघोने माराव्यात दहा, दुर्बिणीतून. माझ्यापेक्षा एक गुण जरी जास्त पडला तर नियम मी माझ्या हाताने खोडतो. नाहीतर मी जिवंत आहे तोवर हा विषय पुन्हा निघणार नाही."

"तुमच्या वेळी खाली कुणी तिऱ्हाईत माणूस बसवूया," डॉक्टर म्हणाले.

तात्या भडकले. "का? राघोच्या चकतीवर संशय? त्याचं माझं कितीही वाजलं तरी खड्ड्यातला राघो खोटं दाखवणार नाही. खाली तोच बसेल!" मग दारातून बाहेर पडताना डॉक्टरांनी पुन्हा काहीतरी डोळे तपासण्याचं काढलं. दिवाळीपासून ते तात्यांना दवाखान्यात बोलावत होते. "माझा डोळा तपासायला तीनशे मीटरवर कागद लावलेला आहे," तात्या म्हणाले आणि वही काखेत मारून निघाले.

घरी आल्यावर राघोने चपला भिंतीवर फेकल्या. चंद्रा, त्याची बायको, भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. त्याने सगळं सांगितलं. खड्ड्यातलं पण सांगितलं, जे वर्षभर तिलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा तिने हात थांबवला.

"म्हंजे? ते आकडं तुमचं?"

"माजंच."

"आनि त्याच आकड्यांनी तुमाला भित्रा म्हनले? आनि तुमी ऐकून घेतलं?"

"मंग काय करू? सांगू? आता सांगितलं तर कोन मानल? म्हनतील, दुर्बिन पायजे म्हनून म्हाताऱ्याला खोटं पाडतोय."

"रविवारी काय करनार?"

"म्हायत न्हाय." आणि खरोखरच माहीत नव्हतं. चकती नेहमीसारखी मध्ये टेकवली तर तात्यांचे नव्वद होणार, आणि साडेचार वर्षांनी रायफल हातात घेणाऱ्याने नव्वदावर उडी मारायची हे कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं. खरं दाखवलं तर तो ठरणार लबाड. वर्षभरात पहिल्यांदा खरं दाखवायचं आणि त्याच दिवशी लबाड ठरायचं! त्याला तात्यांची चीड आली, डॉक्टरांची आली, त्या मस्कतच्या मेहुण्याचीही आली. सगळ्यांत जास्त आली ती फेब्रुवारीतल्या त्या पहिल्या चकतीची.

चंद्राने तवा उतरवला. "तात्यांनी तुमाला इस्पितळात नेलं, ते मी जनमात इसरनार न्हाय," ती म्हणाली. "पन म्हनून काय जनमभर त्यांचा नेम तुमी मारायचा? त्यांनी सांगितलं व्हतं का?"

राघोला तिचाही राग आला. तो जेवला नाही.

रविवारी सकाळी खाणीत चिलटं घोंघावत होती आणि हवा स्वच्छ होती. तात्यांनी नेहमीप्रमाणे पत्र्याच्या डबीत कापराची वडी पेटवली आणि तिच्या धुरावर रायफलीची माशी धरली. कापराच्या काजळीने माशी काळी करायची, म्हणजे उन्हात ती चमकत नाही आणि बाजूला सरकल्यासारखी वाटत नाही. राघो हे त्यांच्याकडूनच शिकला होता. तो बघत होता, तात्यांनी काजळी धरली ती माशीच्या दोन बोटं मागे. नळी काळी झाली, माशी तशीच राहिली. केसरीनाथ वहीत आकड्यांसाठी रेघा मारत होता, डॉक्टर दुर्बीण पुसत होते, कुणाचं लक्ष नव्हतं.

"माशी ऱ्हायली, तात्या," राघो म्हणाला.

"मला शिकवू नकोस. जा खाली."

तो पाय आपटत खड्ड्यात उतरला. खळीची डबी शेजारी ठेवली, लूमच्या खळीतूनच तो ती भरून आणायचा. वर लाल झेंडा चढला. झेंडा उतरेपर्यंत खड्ड्यातल्या माणसाने बाहेर यायचं नाही.

पहिली गोळी कडाडली. चौकट खाली. सात. बरी होती, तशी बरी होती. त्याने ब्रश खळीत बुडवला, आणि तो हातात धरून उभा राहिला. बुजवलं की गेलं. मग त्याचा शब्द आणि तात्यांचा शब्द, आणि तात्यांच्या शब्दापुढे घड्या घालणाऱ्याचा शब्द कोण धरतो? त्याने ब्रश परत डबीत टाकला. घड्या घालताना कापडातला दोष दाखवायची निळी पेन्सिल त्याच्या खिशात असायची. तिने भोकाभोवती गोल काढला आणि शेजारी एकचा आकडा लिहिला. चौकट वर ढकलली, चकती सातवर टेकवली.

दुसरी आली ती चारच्या रिंगणात. राघोने चकती उचलली. भित्रा काय? धसका काय? हात आपोआप आणखी बाहेर सरकला, दोनकडे. कागदाला चकती टेकणार तोच त्याने ती ओढून घेतली. वाढवून दाखवायचं खोटं आणि कमी दाखवायचं खोटं, दोन्हीला तीच काठी लागते. त्याने दात खाऊन चकती बरोबर भोकावर ठेवली.

तिसऱ्या गोळीला कागद कोरा. मागच्या मातीत धूळ उडालेली त्याने पाहिली होती, चांगली दोन हात बाजूला. बावटा चुरगळून कोपऱ्यात पडला होता, वर्षभरात तात्यांसाठी तो कधी हललाच नव्हता. राघोने तो झटकला आणि दोनदा हलवला.

वरून आरडाओरडा ऐकू आला. शब्द कळत नव्हते, आवाज तात्यांचा होता. मग बराच वेळ गोळी आली नाही. मग आली. पाच. सहा. तीन. पुन्हा बावटा. पाच, आठ, चार. प्रत्येक भोकाला निळा गोल, प्रत्येकाला आकडा. झेंडा उतरला तेव्हा राघोने चौकटीवरून अख्खा कागद सोडवला, धुतलेल्या चादरीसारखा दोन हातांत धरला आणि तीनशे मीटर चालत वर आला.

तात्या रायफल टाकून उभे होते. शर्टाला माती, चेहरा लालबुंद.

"हरामखोरा! बेचाळीस? मला बेचाळीस? खड्ड्यात बसून सूड उगवतोस? मी तुझ्या चकतीवर जीव टाकला रे सगळ्यांपुढे!"

"चकतीवर जीव टाकू नका. कागद बघा." राघोने कागद त्यांच्या पायाशी अंथरला. "बुजवलं न्हाय एक पन. आठ भोकं हायत, दोन गेली बाहेर. डॉक्टर, तुमी मोजा. केसरीनाथभाऊ, तुमी पन मोजा."

दोघे वाकले. केसरीनाथने बोटाने एकेक भोक मोजलं आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. सगळं जुळत होतं.

"शक्य नाही," तात्या म्हणाले. "डिसेंबरात नव्वद मारणारा माणूस महिन्यात बेचाळिसावर येत नाही. हे गणित बसत नाही."

"डिसेंबरात पंचेचाळीस व्हते."

"काय?"

"पंचेचाळीस! ऑक्टोबरात अठ्ठेचाळीस! फेब्रुवारीपास्नं एक पन आकडा खरा न्हाय त्या वहीत. मी दिलं तुमाला. खड्ड्यात बसून दिलं, बुजवून दिलं. आनि तेच माज्या तोंडावर फेकलं तुमी. भित्रा म्हनले मला!" राघो ओरडत होता आणि त्याच्या जाड काचेआडून पाणी वाहत होतं. "माजा डोळा धोट्यानं गेला, मी काय मिटून घेतला न्हाय!"

तात्या खाली बसले, गोळ्या मारायच्या ताडपत्रीवरच. बोलले तेव्हा आवाज एकदम खाली आला होता, आणि तो आवाज ओरडण्याहून वाईट होता.

"चाप सुटला की माणसाला कळतं रे, कुठे गेली ते. मला वाटायचं, ही खाली गेली. ही डावीकडे गेली. तू चकती मध्ये ठेवायचास. मी म्हणायचो, माझा हात माझ्या मनापेक्षा बरा आहे अजून." त्यांनी वर पाहिलं. "कुणी मागितली होती तुझी दया? मी मागितली होती?"

"तुमी मला इस्पितळात..."

"ते दया म्हणून नव्हतं, गाढवा!"

डॉक्टरांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तात्यांनी तो झिडकारला. पण थोड्या वेळाने तेच उठले आणि डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसले. राघोच्या दहा गोळ्या त्या दिवशी राहूनच गेल्या. दुर्बीण तिच्या पेटीत होती तशीच परत गेली.

बुधवारी डॉक्टर घडीखात्याच्या दारात येऊन उभे राहिले. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना म्हणून राघो बाहेर आला.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांना. दुखत नाही, खुपत नाही, डोळ्यातला दाब कडेकडेने नजर खात जातो. उजव्या अंगाला, खालच्या बाजूचं त्यांना आता दिसतच नाही. गेलंय ते परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी राखायचं." मग जरा थांबून, "वर्षापूर्वी आले असते तर पुष्कळ राखता आलं असतं."

"माई काय म्हनल्या?" राघोने तात्यांच्या बायकोचं विचारलं.

"माई म्हणाल्या, मी दर महिन्याला म्हणायची डोळे दाखवा, तर हे वही काढून आकडे दाखवायचे."

राघो आत गेला. ठाणंच्या ठाणं कापड पुढ्यात येत होतं, तो घड्या घालत होता. लूमवरचा एकजण काहीतरी थट्टेने बोलला, तेव्हा राघोने हातातलं ठाण त्याच्या अंगावर भिरकावलं. शेठने बोलावून झापलं, त्याला उलट उत्तर केलं. कुणीतरी आपल्याला धरून बडवावं असं त्याला वाटत होतं, आणि कुणी बडवत नव्हतं. चार महिने तो बाक तात्यांनी अडवला होता, आणि त्याची परतफेड म्हणून आपण काय दिलं, तर खोटे नव्वद.

त्याने मंडळाचा राजीनामा लिहून केसरीनाथकडे दिला. दुसऱ्या दिवशी केसरीनाथ तो परत घेऊन आला. कागदाचे चार तुकडे केलेले होते. "तात्यांनी फाडला," तो म्हणाला. "नियम खोडलाय त्यांनी, स्वतःच्या हाताने. आणि निरोप दिलाय. म्हणाले, त्याला सांग, ढालीला आला नाहीस तर घरी येऊन कानफटात मारीन."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर राघो खाणीत गेला, चंद्राने जवळजवळ ढकलला म्हणून. तात्या त्याच्याशी बोलले नाहीत. डॉक्टरांनी दुर्बीण रायफलीवर बसवली, पाच गोळ्या मारून जुळणी केली. राघोची पाळी आली तेव्हा तात्यांनी खड्ड्याची वाट धरली.

"बरोबर कुणाला तरी घ्या, तात्या," केसरीनाथ म्हणाला.

"कुणी नको. त्याच्या दहा गोळ्या मी बघणार."

राघो ताडपत्रीवर पालथा पडला. दुर्बिणीला डोळा लावला. साडेचार वर्षांनी चांद गोल दिसत होता. काळा, काठ धारदार, त्यावर बारीक फुली. तात्या म्हणाले होते ते खरं होतं, फुली थरथरत होती, छातीचा प्रत्येक ठोका तिच्यात दिसत होता. लोखंडी माशीने त्याला त्याचा कंप कधी दाखवला नव्हता. तो दोन ठोक्यांमधली फट शोधत राहिला. शेवटी सापडली. चाप सुटला. डोळा उघडा होता.

नऊ. मग आठ, आठ, नऊ, सात, नऊ, आठ, नऊ, आठ. दर वेळी चकती सावकाश वर यायची, टेकायची, थांबायची. दहावी सुटली तेव्हा राघोला कळलं, जराशी खाली गेली, उजवीकडे, पण बरी आहे.

खड्ड्यातून पांढरा बावटा वर आला. दोनदा हलला.

"चुकली," केसरीनाथने पुकारलं. "पंचाहत्तर."

त्याआधी माशीवर मारलेल्या एकाचे चौऱ्याऐंशी होते, ढाल त्याचीच होती. झेंडा उतरला. तात्या कागद घेऊन वर येताना दिसले, पायाखालचे दगड चाचपत. त्यांनी भोकं बुजवली नव्हती. प्रत्येकाभोवती निळा गोल होता आणि शेजारी गणिताच्या मास्तरचा वळणदार आकडा, एक ते नऊ. त्यांनी कागद राघोपुढे धरला.

"मोजून घे. यातला एक गुणही मी तुला दिलेला नाही."

राघोने कागदाकडे पाहिलं. खाली उजव्या अंगाला, आठच्या रिंगणात, दहावं भोक होतं. गोल नसलेलं, आकडा नसलेलं, कुणालाही दिसावं असं. त्यातून ऊन आरपार येत होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मान वळवली. केसरीनाथने पाहिलं, राघोकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे. ढाल काही या भोकाने मिळणार नव्हती. गप्प राहिलं तर म्हातारा आज तरी ताठ मानेने घरी जाणार होता.

असंच जाऊ दे म्हणत वर्ष गेलं होतं. राघोच्या अंगात राग पुन्हा पायापासून चढला, केसरीनाथचा, स्वतःचा, त्या काचबिंदूचा. त्याने तात्यांच्या हाताची तर्जनी धरली, जरा दांडगाईनेच धरली, आणि त्या भोकात घातली.

"दहावं हितं हाय, तात्या. तुमाला दिसलं न्हाय."

तात्यांनी बोट काढून घेतलं नाही. भोकाच्या फाटक्या काठावरून ते बोट हळूहळू एकदा फिरलं.

"आठ आहे?"

"आठ."

तात्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मग लिही," ते म्हणाले.